पाचवीच्या दिवसाचा सुरुंग

सुरुंग आम्ही नेहमी बाजाराच्या दिवशीच उडवायचो. त्यामागं काही मोठं शास्त्र नव्हतं. त्या दिवशी वस्ती आपोआप रिकामी व्हायची, एवढंच. एरवी "घरं सोडून तिकडं लांब जाऊन बसा" म्हणत दारोदार फिरलं की कुणाची भाकरी तव्यावर असायची, कुणाची शेळी नेमकी त्याच वेळी व्यायला बसलेली असायची, आणि एखादा म्हातारा मुद्दाम अंगणात बाज टाकून आडवा व्हायचा. "बघतोच म्या, तुझा दगड मला कसा हुडकत येतोय!" अशा माणसापुढं हात टेकण्याखेरीज इलाज नसे. बाजाराचं तसं नाही. काही घ्यायचं नसलं तरी माणूस बाजाराला जातोच. चार माणसं भेटतात, चहा होतो, कुणाकडं काय झालं ते कळतं. दुष्काळात तर जास्तच, कारण रानात करण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून बाजाराच्या दिवशी दुपारी वस्ती ओस पडली की आम्ही बार उडवायचो.

खाण आमच्या वस्तीच्या उशालाच होती. माकणीला तेरणेवर धरणाचं काम चालू होतं आणि धरणाच्या भिंतीला पाण्याच्या अंगानं काळ्या दगडाचं अस्तर लावायचं होतं. त्याला पिचिंग म्हणायचे. त्यासाठी आसपासचे माळ धुंडाळले गेले आणि चांगला दगड सापडला तो नेमका आमच्या वस्तीच्या वरच्या माळावर. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला, गावापासून सुटी. जागा ठरवणाऱ्या साहेबांना दगड दिसला, वस्ती काही दिसली नाही. पण काम आमच्याच माणसांना मिळालं, त्यामुळं कुणी फार तक्रार केली नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून ज्यांच्या हातांना घट्टे पडले होते, त्यांनीच पुढं एकत्र येऊन मजुरांची सहकारी संस्था काढली होती. त्या संस्थेनं हे काम घेतलं. आमचे आबा संस्थेचे चेअरमन होते. चेअरमन म्हणजे काय, तर संस्थेच्या एका खोलीच्या हापिसाची किल्ली त्यांच्या करदोट्याला बांधलेली असायची आणि ते ती रात्रीसुद्धा सोडत नसत.

मी संस्थेचा सुरुंगवाला. धरणावर हैदराबादकडचे एक उस्ताद होते. त्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो आणि परवाना काढला. दगडात भोक पाडायचं, त्यात जिलेटिनच्या कांड्या सोडायच्या, वर ओली माती ठासायची, तारा जोडायच्या आणि लांब जाऊन खटका दाबायचा, एवढं कुणीही शिकेल. उस्तादांच्या मते ते काम नव्हेच. खटका दाबायच्या आधी दगड कुठवर जाईल ते सांगता आलं पाहिजे, ते काम. "पत्थर किसी का सगा नै, मियाँ," असं ते प्रत्येक बाराच्या आधी म्हणायचे. "उसकू पहले पूछना, किधर जारा बोल के."

आता दगडाला विचारायचं कसं? मी माझ्यापुरती एक रीत बसवली होती. बार उडाला की बाकीचे लोक दगड भरायला लागायचे आणि मी माळावर, खालच्या पडीक रानांत हिंडत बसायचो. ताजा फुटलेला दगड निळाकाळा दिसतो, जुन्या दगडावर तांबूस साय धरलेली असते. असा ताजा दगड सगळ्यांत लांब जिथं पडलेला सापडेल तिथं चुन्याची एक मूठ टाकायची. असं बरेच महिने केल्यावर माळावर पांढरे ठिपके उमटले, आणि त्यांच्याकडं बघून कळायला लागलं की दगड चहूकडं सारखा जात नाही. खाणीचं तोंड ज्या बाजूला उघडं असेल तिकडं तो लांब पळतो, पाठीमागं थोडाच जातो. भोकाच्या पुढं दगड कमी राहिला असेल तर जास्त लांब. माती कोरडी ठासली असेल तर बार बंदुकीसारखा वरच्या वर सुटतो आणि मग दगड कुठं जाईल ते देवाला ठाऊक. दुष्काळात माती भिजवायला पाणी मिळणं हीच मोठी पंचाईत. टँकर आला की एक घागर मी मातीसाठी राखून ठेवायचो आणि तिच्यावर धनावरच्या नागासारखा बसून असायचो. प्यायला पाणी नाही अन् हा दगडाला पाजतोय, म्हणून लोक शिव्या घालायचे. घालू देत, मी पण त्यांना घालायचो.

हे सगळं मनाशी धरून मी अंदाज करायचो, त्यात अर्धा आणखी मिळवायचो आणि तेवढ्या अंतरावर चुन्याची फक्की मारायचो. फक्कीच्या आत कुणी थांबायचं नाही. गावातल्या लोकांना याची मोठी गंमत वाटायची. येताजाता कुणीतरी हटकून विचारायचं, "काय जोशीबुवा, आज दगड कुणाच्या राशीला?" कुणी म्हणायचं, याला तेरखेड्याला धाडा, फटाक्याच्या कारखान्यात, तिथं तरी चार पोरं खूश होतील. आबांना मात्र 'जोशीबुवा' ऐकून गुदगुल्या व्हायच्या. "आपल्या वस्तीत जोशी जन्माला आला बघा," असं ते हापिसात बसून येईल त्याला सांगायचे.

त्या साली पाऊस पुन्हा दडी मारून बसला होता. त्याच उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली. जळकोटला दिली होती तिला. मुलगी झाली. नाकी डोळी आमच्या आईवर गेली आहे असं सगळे म्हणायचे, म्हणजे आई म्हणायची आणि बाकीचे मान डोलवायचे. आमचं घर वस्तीत सगळ्यांत वरचं, खाणीच्या सगळ्यांत जवळचं. आतापर्यंत माझे चुन्याचे ठिपके घराच्या बरेच अलीकडं थांबत होते, मधलं एक रान सोडून. तरीही बाराच्या दिवशी मी आईला आणि आबांना बाहेर काढायचोच.

त्या आठवड्यात भोकं पाडताना दोन ठिकाणी कॉम्प्रेसरची सळई एकदम खाली गेली. काळा दगड सळईला सुखासुखी वाट देत नाही. ती अशी सरकन गेली म्हणजे आत मऊ काहीतरी लागलं. वर आलेली भुकटी बोटावर घेऊन बघितली तर लालभडक. आपल्याकडं काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मधे असा गेरूसारखा तांबडा पट्टा सापडतो. सुरुंगवाल्याला तो साप दिसावा तसा दिसतो. कारण बाराचा जोर दगड फोडण्यात खर्ची पडायच्या ऐवजी त्या मऊ जागेतून बाहेर घुसतो आणि पुढं जे असेल ते उचलून फेकतो. पट्टा कसा पसरलाय, कुठं वळलाय, हे वरून कळत नाही. मी त्या दोन भोकांत कांड्या कमी केल्या, वर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या, त्यांवर मुरमानं भरलेली पोती रचली. तरी माझा अंदाज तिथं येऊन अडला. दगड नेहमीएवढाच जाईल असं म्हणायला जीभ रेटेना, आणि खाणीचं तोंड त्या वेळी नेमकं आमच्या घराच्या दिशेला होतं.

म्हणून बाजाराच्या दिवशी सकाळीच मी आईला सांगितलं, "दुपारच्या आत धाकटीला आन् लेकराला घेऊन हापिसात जाऊन बस. तिकडं मागल्या अंगाला दगड येत न्हाय." संस्थेचं हापिस खाणीच्या पाठीमागं, लोहाऱ्याच्या वाटेवर होतं.

आई चुलीपुढं बसली होती. "बघू," म्हणाली.

आमच्या आईचं 'बघू' हे एक प्रकरण होतं. त्यातून हो निघेल की नाही निघेल, ते आबांना इतक्या वर्षांच्या संसारात उमगलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात त्या सकाळी कांड्या, तारा आणि तांबडा पट्टा एवढंच होतं. मी ते हो धरून चाललो आणि खाणीवर गेलो.

दुपार होईपर्यंत भोकं भरून झाली. माती छान ओली ठासली. तारा जोडल्या. लाल झेंडा घेऊन वस्तीत फिरायचं काम माझ्या चुलत्यांकडं होतं. ते फिरून आले आणि झेंडा खांद्यावर टाकून माझ्यापुढं उभे राहिले.

"झाली का वस्ती रिकामी?" मी विचारलं.

"झाली की. एका घरात मानूस न्हाय."

"मग द्यायचा का बार?"

"वस्तीतली समदी मानसं तुमच्या घरात हायती," चुलते म्हणाले. "बाजाराला गेलेल्या बायाबी लवकर माघारी आल्यात. आज पाचवी हाय न्हवं लेकराची."

पाचवी! बाळ जन्मल्यापासूनच्या पाचव्या दिवशी सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून बायका जमतात, पाटा-वरवंटा पुजतात, पाट्यापाशी तिला लिहायला कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, घुगऱ्या वाटतात. त्या दिवशी बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण बाळंतिणीचे दिवस मोजणं हा बायकांचा हिशोब. आमच्याकडं कुठला पुरुष ते बोटांवर धरून बसतो? मी बाजाराचा वार धरून चाललो होतो, वस्ती रिकामी होते म्हणून. आणि त्याच वारी सगळी वस्ती जिथं जमायला नको तिथं, माझ्या बहिणीभोवती, जमून बसली होती.

बरं, बार पुढं ढकलावा, तर भरलेली भोकं तशीच रात्रभर ठेवायची नसतात. त्यातल्या कांड्या उकरून काढणं तर त्याहून वाईट. पहाटे वस्तीतली बायामाणसं त्याच माळाला परसाकडं जायची, शेरडं तिथूनच जायची. बार दिवस मावळायच्या आत उडवायला हवा होता. मी चुलत्यांना तारांपाशी उभं केलं, कुणालाही हात लावू द्यायचा नाही म्हणून बजावलं, आणि उतारावरून घराकडं पळत सुटलो.

इथं आमच्या घराबद्दल एक सांगायला हवं. आबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव पाटीत भरून तेरणेत सोडून दिले होते. त्याबाबत ते फार कडक. घरात अंगारा नाही, नवस नाही, अंगात येणं नाही. आईनंही त्यांच्याबरोबर सगळं सोडलं, खळखळ न करता. पण सटवाईचा काही टाक नसतो, मूर्ती नसते. ती पाट्यापाशी येते आणि काम करून निघून जाते. त्यामुळं तिला पाटीत घालून नेता आलं नव्हतं, आणि आमच्या दोघा भावंडांच्या वेळी ती येऊन गेलीच होती. आबा त्या दिवशी काहीतरी काम काढून घराबाहेर राहायचे. त्यांनी बघायचं नाही आणि आईनं सांगायचं नाही, असा दोघांचा ठराव होता.

घरापाशी गेलो तर आत बायकांचा नुसता कालवा. हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजल्याचा वास येत होता. दुष्काळात कुठून जमवले होते हरभरे कोण जाणे. दारातच आई उभी होती, मला बघून तिनं पदर खोचला. तिला सगळं आधीच कळलं होतं.

"आई, म्या सकाळी काय सांगितलं व्हतं?"

"म्या 'बघू' म्हनले व्हते. बघितलं. आज जमत न्हाय."

"भोकं भरून बसलीयत तिकडं!"

"मग उद्या उडीव."

"उद्या न्हाय जमत. आई, आज दगड लांब येऊ शकतोय. लई लांब."

"आजपतूर कदी आलाय का? तूच म्हनतूस, मधलं रान वलांडत न्हाय म्हनून. चुना टाकत हिंडतूस त्यो कशाला मग?" हे मात्र तिनं बरोबर पकडलं होतं. "पाचवीच्या दिवशी बाळतीन उंबरा वलांडत न्हाय. माझ्या सासूनं मला वलांडू दिला न्हाय, म्या हिला देनार न्हाय. लेकराच्या नशिबाचा परश्न हाय."

"दगड उंबरा बघत न्हाय, आई!" मी ओरडलो. मला संताप आवरत नव्हता. माझा आवाज चढला की आई आणखी ताठ होते हे माहीत असूनही ओरडलो. आतून बायका डोकावायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "पोरगं गरम झालं," आणि दुसरीनं तिला चिमटा काढला.

मी हात जोडले, वस्तीतल्या सगळ्यांची शपथ घातली, पुन्हा ओरडलो. आई दाराच्या दोन्ही चौकटींना हात लावून उभी. खरं सांगतो, आईला बाजूला ढकलून आत जावं आणि बहिणीला उचलून आणावं असा विचार मनात येऊन गेला. गेलो नाही, कारण आईला मी कधी ढकललेलं नव्हतं आणि ते कसं करतात हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात आतून, बाजेवरून, धाकटीचा आवाज आला. बाळंतिणीचा कसा बारीक असतो तसा, पण स्वच्छ.

"दादा, वरडू नगंस. मला एवडंच सांग. दगड आपल्या घरापतूर येतोय का न्हाय?"

एवढे दिवस सगळं गाव मला थट्टेनं विचारायचं ते हेच. आणि आज पहिल्यांदा कुणीतरी खरंच विचारत होतं. 'येतोय' म्हणालो असतो तर ती झटक्यात उठली असती, हे मला कळत होतं. जीभ तेच म्हणायला वळली. पण धाकटीशी मी लहानपणापासून खोटं बोललो की ती लगेच ओळखायची, आणि ओळखल्यावर मग काही ऐकायची नाही.

"मला ठाव न्हाय," मी म्हणालो. "दर टायमाला ठाव असतंय. आज न्हाय."

आत बाज करकरली.

"तुला ठाव न्हाय म्हनतोस व्हय?" ती म्हणाली. "मग चला. आई, लेकराला गुंडाळ."

आई वळली. "अगं, आज पाचवी—"

"आई, नशीब लिवायला लेकरू राहायला पायजे न्हवं?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की भीतीचं ते मला कळलं नाही. ती घरात गेली, तिनं बाळाला दुपट्यात गुंडाळून घेतलं, आणि मग दारातून सगळ्या बायकांवर अशी काही खेकसली की मी दचकलो.

"बसल्यात काय! पाटा उचला! पाटा हितं राहिला तर सटवाई हितंच बसंल आन् लेकरू तिकडं! वरवंटा घ्या, समई घ्या, घुगऱ्याचं पातेलं घ्या!"

आणि सगळी पाचवी उठली. दोन तगड्या बायकांनी तो दगडी पाटा डोक्यावर घेतला, एकीनं वरवंटा लेकरासारखा कडेवर घेतला, समई एका म्हातारीच्या हातात, ती विझू नये म्हणून दुसरीनं तिच्यावर पदर धरलेला. धाकटीनं उंबऱ्यापाशी पळभर पाय थांबवला, मग माझा हात धरला आणि ओलांडला. आईनं तोंड फिरवलं होतं, पण मी बघितलं, तिनं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलंच. उन्हात, भेगा पडलेल्या काळ्या रानातून ती मिरवणूक हापिसाकडं निघाली. मला त्या घाईतही हसू आलं. इतका वेळ दगडाच्या नावानं मी ओरडत होतो आणि आता सगळ्यांत आधी दगडच सुरक्षित जागी निघाला होता.

हापिसाच्या दारात आबा उभे. त्यांनी पाटा बघितला, समई बघितली. मला वाटलं, आता इथं दुसरं भांडण. संस्थेच्या हापिसात सटवाई म्हणजे आबांना आयुष्यभराचा डाग. पण त्यांनी स्वतः टेबल भिंतीला सरकवलं, आपली चेअरमनची खुर्ची उचलून बाहेर ठेवली आणि पाट्याला जागा करून दिली. धाकटीला सतरंजी टाकून दिली. मग खिशातून पेन काढून आईपुढं धरलं.

"कोरा कागद लागतोय न्हवं लिवायला? टेबलाच्या खणात हाय. संस्थेचाच हाय."

आईनं पेन घेतलं. दोघंही एकमेकांकडं बघेनात. मी तिथून निघालो.

खाणीवर जाऊन तारा पुन्हा तपासल्या. चुलत्यांनी वस्तीत एकदा फिरून "घरं खरंच रिकामी हायती" असं सांगितलं, आणि या वेळी मी दोनदा विचारलं. शिट्टी मारली. मुरमाच्या बांधाआड बसून खटका दाबला.

बार चांगला झाला. दगडाची कड उचलली, फुगली आणि पुढं ओणवी होऊन कोसळली, अगदी हवी तशी. पण त्याच वेळी तांबड्या पट्ट्यातून लाल धुळीची एक पिचकारी बाहेर आली आणि तिच्यासोबत दगड उडाले, काटे आणि पोती सगळं घेऊन. बहुतेक जवळच पडले. एक मात्र पडेचना. तो वर चढत गेला, लहान लहान होत, आमच्या घराच्या रोखानं. मी त्याला नजरेनं धरून होतो आणि मग तो उन्हात हरवला. पडल्याचा आवाजही आला नाही.

बार उडाल्यावर सुरुंगवाल्यानं जागा सोडायची नसते. धूर निवायचा, मग एकेका भोकापाशी जाऊन सगळे बार फुटले का बघायचं, एखादी कांडी तशीच राहिली का शोधायचं. मी ते सगळं नीट केलं. माझे हात काम करत होते आणि लक्ष घराकडं होतं. घर रिकामं आहे, घर रिकामं आहे, असं मी मनात घोकत होतो. सगळं ठीक आहे म्हणून झेंडा उतरवला तेव्हा कुठं सुटलो.

घराचं माळवद लांबूनच नीट दिसलं, तरी विश्वास बसेना. शिडीनं वर चढलो, सगळी माती पायानं चाचपली. भोक नाही, तडा नाही. खाली उतरून अंगण बघितलं, कोंबड्यांचं खुराडं बघितलं. घरात गेलो. बाज होती तिथं होती, तिच्याखाली शेकाची शेगडी अजून ऊबदार होती. कुठंही दगड नव्हता. मी एकटाच त्या बाजेच्या काठावर बसलो आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू! आता गाव काय काय म्हणेल, सगळी पाचवी फुकट उन्हातून फिरवली म्हणून आई किती वर्षं ऐकवेल, ते सगळं मनातल्या मनात ऐकलं आणि मला त्याचा आनंदच झाला. ऐकव म्हणावं. जोशाचं भविष्य खोटं ठरलं म्हणून जोशाला एवढा आनंद झालेला कुणी बघितला नसेल.

बादलीत पाणी नव्हतं, म्हणून तोंड धुवायला मागच्या बाजूला रांजणाकडं गेलो. तिथं, रांजणाच्या पलीकडं, उकिरड्याच्या कडेला जमिनीत अर्धा रुतलेला दगड होता. पायली भरेल एवढा. फुटलेली बाजू निळीकाळी, एका अंगाला गेरू लागलेला. मी तो उचलला. त्याला अजून बाराचा वास येत होता.

म्हणजे तो आला होता. पुढून आला, घरावरून गेला आणि मागं पडला. मी तिथंच खाली बसलो आणि मला रडू फुटलं. मी रडणाऱ्यांतला नव्हे, पण त्या दिवशी आवरता आलं नाही, मोठ्यानं रडलो.

आई पुढं आली होती, घर झाडून ठेवावं म्हणून, बाकीच्या बायका मागून येणार होत्या. आवाज ऐकून ती परसात धावत आली.

"काय झालं? कुनाला लागलं का?"

"न्हाय."

"घर पडलं का?"

"न्हाय, आई."

"मग रडायलास का असा?"

"न्हाय लागला म्हनूनच."

तिनं माझ्या मांडीवरचा दगड बघितला. मग खाणीकडं बघितलं, मग मान वर करून माळवदाकडं, मग पुन्हा दगडाकडं. पदरानं तिनं स्वतःचं तोंड पुसलं आणि धप्पकन माझ्याशेजारी मातीत बसली.

"मग रड," आई म्हणाली, आणि तिनं माझा हात तिच्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.